अकरावं बटण

रिप्लेकाकांनी बावीस वर्षांत एकही गोल होताना बघितला नव्हता. हे ते स्वतःच सांगायचे, आणि थोड्या फुशारकीनेच सांगायचे. सामना टीव्हीवर दाखवण्यासाठी मैदानामागे जी लांबलचक, बिनखिडक्यांची ओबी व्हॅन उभी असते, तिच्यात त्यांची खुर्ची सगळ्यात शेवटी. समोर दहा कॅमेऱ्यांची दहा चित्रं. गोल झाला की अख्खं मैदान नाचायला लागतं आणि काका मात्र मागे जातात. चेंडू कुठून सुटला, कुठल्या कॅमेऱ्याने तो नीट पकडला, चार-पाच सेकंदांत शोधायचं, स्वतः एकदा बघायचं आणि मग सोडायचं. सोडायचं म्हणजे टीव्हीवर द्यायचं.

यातलं 'स्वतः एकदा बघायचं' हे त्यांचं व्रत होतं. डायरेक्टर कानात कितीही ओरडू दे, "काका, द्या, द्या, द्या," काका न बघता शॉट सोडत नसत. एका नवख्याने एकदा असा आंधळा शॉट सोडला होता, आणि गोलाऐवजी देशभर लोकांनी नाक शिंकरणारा प्रशिक्षक बघितला होता, तोही स्लो मोशनमध्ये. तेव्हापासून जो कुणी शिकायला येईल त्याला काका पहिल्या दिवशी एवढंच सांगत, "हात नंतर. आधी डोळे."

घरीही तीच सवय. बायको काही सांगायला लागली की म्हणणार, "थांब. त्याच्या आधी काय झालं?"

"त्याच्या आधी माझं तुमच्याशी लग्न झालं," ती म्हणायची. "तिथपर्यंत जाऊ का मागे?"

तर असे हे काका नऊ दिवस संपावर होते.

भांडण पगाराचं नव्हतंच. पूर्वी रिप्लेच्या मशीनवर दोन माणसं असत, कंपनीने एक काढला. पूर्वी एक सामना झाला की एक दिवस सुट्टी असे, कंपनीने तीही काढली. सामना आटपा, वायरी गुंडाळा, गाडीत बसा, दुसऱ्या गावात उतरा, वायरी उलगडा. हे सगळं ज्या कागदावर लिहून यायचं तो कागद बनवणाऱ्या साहेबांना सगळे वेळापत्रकसाहेब म्हणत. त्यांच्या कागदात झोपेला रकानाच नव्हता. शेवटी कॅमेरावाले, लाइटवाले, वायरवाले, रिप्लेवाले, एवढंच काय, समालोचन करणारा 'आवाज' सुद्धा, सगळे बाहेर पडले.

बाहेर पडताना काकांनी एक गोष्ट केली, आणि ती युनियनमध्ये फार गाजली. त्यांच्या मशीनवर बटणांच्या वर कागदी चिकटपट्टी होती. तिच्यावर त्यांनी आपल्या हाताने कॅमेऱ्यांची नावं लिहिली होती, कंपनीची नव्हे, स्वतःची. उंच मनोऱ्यावरचा तो 'जिराफ', मैदानाच्या कडेने खांद्यावर घेऊन पळायचा तो 'भटक्या', आणि गोलच्या जाळ्यामागे बिळापाशी टपून बसल्यासारखा लावलेला तो 'मांजर'. काकांनी ती पट्टी नखाने सावकाश सोलली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "पट्टी माझी, शाई माझी, अक्षर माझं. मशीन कंपनीचं, ते ठेवा."

युनियनच्या सेक्रेटरीबाई एरवी जिराफवर बसायच्या. बाईंचे गुडघे कुरकुरायचे, जीभ नाही. पट्टीचं ऐकून त्या दोन दिवस हसत होत्या.

पहिल्या सभेत ठरावही काकांनीच मांडला होता. मागच्या संपात कुणीतरी घरबसल्या फोनवरून साहेबांना मशीन कसं चालू करायचं ते सांगितलं, आणि संप चार दिवसांत मोडला. तेव्हा या वेळी आत बोट लावायचं नाहीच, पण बाहेरून शब्दही द्यायचा नाही. हात वर झाले, ठराव एकमताने पास. काकांना टाळ्या मिळाल्या. व्हॅनमध्ये टाळ्यांची सवय नसते, काकांना त्या आवडल्या.

कंपनीने सामने थांबवले नाहीत. ऑफिसातली माणसं व्हॅनमध्ये बसवली. दहाऐवजी माणसाविना चालणारे तीन कॅमेरे. समालोचन नाही, रिप्ले नाही, नुसता गलका. लोक वैतागले, शिव्या घालू लागले. त्यातल्या अर्ध्या कंपनीला होत्या, अर्ध्या संपवाल्यांना.

आणि नवव्या दिवशी दुपारी चारला काकांच्या मेव्हण्याचा सामना होता.

मेव्हणा खेळाडू नव्हता, पंच होता. शाळेत खेळ शिकवायचा, म्हणून घरात त्याला मास्तर म्हणत. पंधरा वर्षं त्याने शाळांच्या, कारखान्यांच्या, गल्लीबोळातल्या सामन्यांत शिट्टी फुंकली होती. आज पहिल्यांदा मोठ्या लीगचा, टीव्हीवरचा सामना त्याला मिळाला होता. नीट पार पडला तर पंचांच्या कायमच्या यादीत नाव. नाही पडला तर वय चाळीस, म्हणजे पुन्हा बोलावणं नाही. हे त्याला माहीत होतं, काकांना माहीत होतं, आणि काकांच्या बायकोला तर जरा जास्तच माहीत होतं.

"माझ्या भावाचा पहिला टीव्हीवरचा सामना," सकाळी चहाचा कप जरा जोरातच ठेवत ती म्हणाली, "आणि आजच तुम्ही गेटाबाहेर."

"संपाची तारीख मास्तरचं पत्र बघून नाही ठरवली."

"तुम्ही तर सगळं बघून ठरवता ना? हे बरं राहिलं बघायचं."

"अगं, युनियन काय माझ्या एकट्याची आहे?"

"नाही. माझा भाऊ मात्र माझ्या एकटीचा आहे."

काकांनी फलक काखेत मारला आणि निघाले.

मैदानाच्या मागच्या गेटावर चौदा-पंधरा जण जमले होते. तीनच्या सुमाराला मास्तर बॅग घेऊन आला आणि गेटासमोर घुटमळला.

"भाऊजी, आत जाऊ ना? नाहीतर म्हणाल, मेव्हणा फितूर निघाला."

"जा बाबा. शिट्टीला आमची युनियन नाही."

सेक्रेटरीबाईंनी त्याला वाट करून दिली. "मास्तर, जपून. आज तुमच्या मागे आम्ही नाही. चुकलात तर कुणाला कळणार नाही."

"आणि बरोबर असलो तर?"

"तेही कुणाला कळणार नाही."

मास्तर हसला, पण नुसता ओठांनी. शर्टाची कॉलर त्याने दोनदा नीट केली आणि आत गेला.

भिंतीच्या अलीकडे उभं राहून सामना ऐकणं म्हणजे शेजारच्या घरातलं भांडण ऐकण्यासारखं. तापमान कळतं, कारण कळत नाही. समालोचन करणाऱ्या 'आवाज'ला मात्र सगळं कळायचं. अठरा वर्षं बोललेला माणूस, त्याच्याने राहवेना. भिंतीला कान लावून तो हळूच सुरू व्हायचा, "कॉर्नर मिळालाय. घरचा संघ. सगळे पुढे आलेत..."

"तुम्ही संपावर आहात," सेक्रेटरीबाई म्हणायच्या.

"मी मनात बोलतोय."

"मनात हळू बोला."

मध्यंतरानंतर पाहुण्या संघाने एक गोल केला. ते आत पसरलेल्या शांततेवरूनच कळलं. मग बराच वेळ नुसती भुणभुण. आणि सामना संपायला दहाएक मिनिटं राहिली असताना आतून असा काही गलका उठला की 'आवाज' भिंतीपासून मागे सरला. "गोल," तो म्हणाला. पण लगेच त्या जल्लोषाचं वेगळंच काहीतरी झालं. आधी शिट्ट्या, मग हुर्यो, मग हजारो माणसं एका सुरात काहीतरी म्हणत होती, आणि ते काही चांगलं नव्हतं.

"दिला नाही," आवाज म्हणाला. "गोल झाला असं त्यांना वाटलं, आणि पंचाने दिला नाही."

काकांचा फोन वाजला. बायको.

"अहो, तिथे काय झालं?"

"तुझ्यासमोर टीव्ही आहे आणि मला विचारतेस?"

"काय टीव्ही? बोलायला माणूस नाही, जवळून दाखवायला कॅमेरा नाही. माझा भाऊ मुंगीएवढा दिसतोय आणि दहा मुंग्या त्याला घेरून उभ्या आहेत. लांबून कुणीतरी चेंडू मारला, तो वरच्या दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. आत आपटला की बाहेर, देव जाणे."

सामना एक-शून्यावर संपला. प्रेक्षक जाईनात. पंचांच्या खोलीबाहेर गर्दी झाली, दार आतून लावून घ्यावं लागलं. बाटल्या पडल्याचे आवाज येत होते. दर दोन मिनिटांनी बायकोचा फोन. शेवटच्या फोनला ती रागाने बोललीच नाही, हळू बोलली. "अहो, दुसऱ्या चॅनेलवर स्टुडिओतले लोक म्हणतायत पंच विकला गेला असेल. मास्तरला म्हणतायत. आपल्या मास्तरला."

सामना संपून वीसएक मिनिटं झाल्यावर गेटाची खिडकी उघडली आणि वेळापत्रकसाहेबांचं डोकं बाहेर आलं. टाय सुटलेला, कपाळावर घाम. नऊ दिवस काकांच्या खुर्चीत हेच बसत होते.

"काका, एक मिनिट. तो जाळ्यामागचा कॅमेरा चालू होता. त्याचं चित्र मशीनमध्ये असणार. कुठल्या बटणावर आहे?"

काकांनी फलक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"यादीत तो सहा नंबरचा कॅमेरा आहे. सहावं बटण दाबलं, काहीच येत नाही."

"सहावं बटण तीन वर्षांपूर्वी मेलंय," काका म्हणाले. "चार अर्ज दिलेत. तुमच्याच टेबलावर असतील."

"अर्जांचं नंतर बघू. मी एकेक बटण दाबून बघतोय, पण चित्र मागे नेताना भलतंच काहीतरी होतं. आणि ते मशीन जुनं पुसत चाललंय म्हणे?"

म्हणे नव्हे, खरंच चाललं होतं. मशीनला पन्नास मिनिटांपुरतंच लक्षात राहायचं. सामना संपला की रेकॉर्डिंग थांबवायचं असतं, ते साहेबांना ठाऊकच नव्हतं. काकांनी मनात हिशेब केला. फार तर दहा मिनिटं उरली होती. त्यानंतर तो चेंडू कायमचा पुसला जाणार होता, आणि मास्तरच्या नावावरचा डाग राहणार होता.

"फक्त आकडा सांगा," साहेब म्हणाले. "तुमचा मेव्हणाच आहे ना तो? त्याच्यासाठी सांगा."

सेक्रेटरीबाई काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "काका, ठराव तुमचा आहे."

"माहीत आहे मला."

"शब्दही द्यायचा नाही, हे वाक्य तुमचं आहे."

"बाई, मला माझं वाक्य शिकवू नका. आत माणूस कोंडलाय."

"त्याला पोलिस काढतील. तुमचा आकडा नाही काढणार. उद्या हे साहेब म्हणतील, बघा, एका आकड्यावर काम होतं, या लोकांची गरज काय."

"मग मत घ्या. आत्ता, इथे."

बाईंनी खरंच माणसं मोजली. नियमाने पंधरा लागत होती, होती चौदा. पंधरावा, भटक्या कॅमेऱ्याचा माणूस, कोपऱ्यावर चहा आणायला गेला होता. कुणी म्हणालं त्याला फोन लावा. त्याचा फोन इथेच, फलकाशेजारी दगडावर वाजला. कुणी म्हणालं चौदांत घ्या. दुसरा म्हणाला, मग तो ठराव रद्द होऊ शकतो. आवाज म्हणाला, नियम नेमका पंधराचा आहे की निम्म्याचा, ते एकदा बघायला हवं. काकांनी घड्याळ बघितलं. फोन पुन्हा थरथरला. आतून काचेचं काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

"अकरावं," काका म्हणाले. "सगळ्यात उजवीकडचं. चाक डावीकडे फिरवा, सावकाश."

खिडकी बंद झाली. साहेबांचे बूट पळत गेल्याचं ऐकू आलं.

सेक्रेटरीबाईंनी काकांकडे बघितलंही नाही. त्या गेटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आणि त्याच क्षणी काकांच्या लक्षात आलं की बावीस वर्षांत प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी जे सांगितलं, ते साहेबांना सांगायचं राहिलं. आधी बघा. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी स्वतःही काही बघितलं नव्हतं. मास्तर बरोबर आहे हे त्यांनी गृहीतच धरलं होतं, कारण मास्तर मास्तर होता.

चार मिनिटांनी फोन आला.

"अहो, आलं, चित्र आलं," बायको म्हणाली. "जाळ्यामागून दाखवतायत. चेंडू दांड्याला लागला... खाली येतोय... हे पांढरं म्हणजे रेषा ना?"

"हो."

"मग चेंडू रेषेच्या कुठल्या बाजूला असला की गोल?"

काकांनी डोळे मिटले. "अलीकडे. कॅमेऱ्याच्या बाजूला."

ती टीव्हीजवळ सरकली असावी, फोनमधला गलका वाढला.

"चेंडू आणि रेषा, दोन्हींच्या मधे हिरवं गवत दिसतंय का?" काकांनी विचारलं.

"परत दाखवतायत. थांबा." तिचा श्वास ऐकू येत होता. "दिसतंय."

"किती?"

"तळहाताएवढं."

तळहाताएवढं म्हणजे वादाला जागाच नाही. काकांनी फोन खिशात टाकला. भिंतीपलीकडे लोकांच्या हातातल्या फोनवरही ते चित्र पोचलं असावं, कारण आतला गलका पुन्हा उसळला. भटक्याचा माणूस चहाची किटली घेऊन आला आणि म्हणाला, "काय झालं? सगळे असे का उभे आहात?" त्याला कुणी सांगितलं नाही. काकांना कुणी चहा दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही. खिडकी एकदा उघडली. साहेब आता टाय नीट करून आले होते. "थँक्यू, काका. बघा, जमतं की," म्हणाले आणि खिडकी लावली.

मास्तरला पोलिसांनी दुसऱ्या दाराने बाहेर काढलं. संध्याकाळी तो थेट बहिणीकडे आला. कपाळाला लहानशी पट्टी, दरवाजाची काच फुटली तेव्हाची. टीव्ही बंद होता. तो बायकोने बंद केला होता, पण भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा चालू होता, आणि दर दहा मिनिटांनी तोच हुर्यो ऐकू येत होता.

"पंचांच्या यादीवाल्यांचा फोन आला," मास्तर म्हणाला. "तूर्त शाळेच्या सामन्यांकडे लक्ष द्या म्हणाले. फार अदबीने म्हणाले."

"तूर्त म्हणजे?" बायकोने विचारलं.

"ताई, मी चाळीसचा आहे. तूर्त म्हणजे काय ते तुला कळतं."

काकांनी घसा खाकरला. "बटण मी सांगितलं."

"साहेबांनी सांगितलं मला. पाठ थोपटत सांगितलं. तुमच्या भाऊजींनीच मदत केली म्हणे."

"मला वाटलं तू बरोबर असणार."

"मला दिसलंच नव्हतं, भाऊजी. मारणारा लांबून मारतो, माझ्या पुढ्यात दोन धिप्पाड बचाववाले आडवे आले. लाइन्समन अर्ध्या मैदानापासून धावत येत होता. न दिसलेला गोल कसा देणार? शिट्टी फुंकायला तोंड लागतं, पण त्याआधी डोळे लागतात." त्याने कपाळावरची पट्टी चाचपली. "तुम्ही आत असता तर काय केलं असतंत?"

"आधी बघितलं असतं."

"आणि?"

काका बंद टीव्हीकडे बघत राहिले.

"सांगा ना," बायको म्हणाली. "आणि काय? लपवलं असतंत?"

"नाही," काका म्हणाले. "सोडलं असतं."

"मग झालं तर. तेच झालं."

"तेच नाही झालं." काकांचा आवाज चढला, आणि आपला आवाज चढल्याचा त्यांना आणखी राग आला. "मी आधी भटक्याचा शॉट दिला असता. तो कडेने पळतो, पंचाच्या खांद्यामागून बघतो. ते दोघे तुझ्या पुढ्यात कसे आले ते दाखवलं असतं. तुझ्या डोळ्यांना काय दिसलं ते आधी, आणि मग मांजर. लोकांना कळलं असतं की चेंडू आत होता, आणि हेही कळलं असतं की पंचाला तो दिसणं शक्यच नव्हतं. नुसता एकच शॉट चार वेळा लावणं म्हणजे रिप्ले नव्हे. ती बदनामी आहे."

मास्तर खुर्चीत पुढे सरकला. "मग तो भटक्याचा शॉट अजून मिळेल ना? कुठल्या बटणावर असतो?"

काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे.

"तो कॅमेरा आज चाललाच नाही. त्याचा माणूस माझ्या शेजारी गेटावर उभा होता."

"म्हणजे माझ्या बाजूने कुणी बघितलंच नाही."

"नाही."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, पण काही रांधल्याचा नव्हता, नुसता हलवल्याचा. मास्तरने बॅग उचलली. जेवून जा म्हणाली तर सकाळी मुलांचा सराव आहे म्हणाला. काका त्याला खालपर्यंत सोडायला उठले.

"नको," मास्तर दारातून म्हणाला. "तुम्ही बसा."

काका बसले. सकाळी दहाला युनियनची सभा होती आणि विषयपत्रिकेवर एकच विषय होता. सेक्रेटरीबाईंनी तसा निरोप पाठवला होता, खाली एरवीसारखा नमस्कारही न लिहिता. ठराव मोडला, हे तर सगळ्यांना ठाऊक होतं. का मोडला, तेही. पण मास्तरसाठी मोडला म्हणावं तर मास्तरचं वाटोळं झालं, आणि संप चुकीचा होता म्हणावं तर झोपेला रकाना नसलेला तो कागद अजून साहेबांच्या टेबलावर होता. काकांनी सभेत बोलायचं पहिलं वाक्य मनात जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. आतून बायकोने विचारलं, "उद्या जाणार आहात का गेटावर?"

"जाणार."

"उभं राहू देतील?"

"बघू," काका म्हणाले, आणि पुन्हा त्याच पहिल्या वाक्याशी येऊन अडले.